गार समुद्रात उतरताना

समुद्रात पोहायचं म्हटलं, की आपल्याकडे घरातलं मोठं माणूस आधी विचारतं, "पाण्यात चावणारं काही नाही ना?" प्रश्न चुकीचा नाही. पण थंड देशातल्या समुद्राच्या बाबतीत तो दुसरा प्रश्न. पहिला हवा, "पाणी किती गार आहे?"

आयर्लंडची राजधानी डब्लिन एका उपसागराच्या काठी वसली आहे. त्याच्या दक्षिण बाजूला, सँडीकोव्ह इथे ‘फॉर्टी फूट’ ही खडकांमधली पोहण्याची जुनी जागा आहे. पायऱ्या उतरल्या की थेट खोल समुद्र! बाराही महिने लोक इथे पोहतात. नाताळच्या दिवशी तर झुंबड उडते. एके काळी ही जागा फक्त पुरुषांची होती, बरं का! १९७४ च्या उन्हाळ्यात काही बायका निषेधाचे फलक घेऊन तिथे गेल्या आणि सरळ पाण्यात उतरल्या. आता तिथे आज्या, सुना, नाती सगळ्याच पोहताना दिसतात. नोकरी-शिक्षणाच्या निमित्ताने आपल्याही मुली डब्लिनमध्ये राहतात. मैत्रिणींच्या आग्रहाने त्याही एखाद्या दिवशी पाण्यात उतरतील. त्यांच्यासाठी, आणि इथे बसून काळजी करणाऱ्या त्यांच्या आयांसाठी ही माहिती.

पहिलं मिनिट

हिवाळ्यात इथलं पाणी ८-९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतं. भर उन्हाळ्यातही ते १५-१६ अंशांच्या आसपासच असतं. आपल्या माठातलं पाणी त्यापुढे कोमटच म्हणायचं! अशा पाण्यात एकदम उडी मारली, की मनात नसतानाही जोराने श्वास आत ओढला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असलं, तर पाणी छातीत जातं. मग धाप लागते, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. गावच्या विहिरीत सूर मारून तयार झालेली पट्टीची पोहणारीही याला अपवाद नाही.

यावर उपाय मात्र सोपा आहे. उडी मारू नका. पायरी पायरीने उतरा. मानेवर, तोंडावर पाणी मारून घ्या. धाप लागलीच, तर हातपाय झाडू नका. पाठीवर तरंगत राहा. दीड-दोन मिनिटांत श्वास ताळ्यावर येतो. मगच पोहायला लागा. पहिल्या दिवशी दोन-तीन मिनिटं पुरेत. थोडा थोडा वेळ असं पाच-सहा वेळा उतरलं, की शरीराला बरीच सवय होते. हृदयविकार, रक्तदाब किंवा दमा असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरूच नये.

थोड्या वेळाने हाताची बोटं वाकेनाशी होतात, हातपाय जड पडतात. ही परत फिरण्याची खूण आहे असं नव्हे, तर परतायला उशीर झाल्याची खूण आहे! म्हणून अंगात उत्साह असतानाच बाहेर या.

बाहेर आल्यावर

पाण्यातून बाहेर आलं की सुटलो, असं वाटतं. पण शरीराचं आतलं तापमान त्यानंतरही दहा-पंधरा मिनिटं उतरतच राहतं आणि हुडहुडी तेव्हा भरते. म्हणून गप्पा नंतर, आधी ओले कपडे काढून अंग कोरडं करा. थंडीने बटणं लावता येत नाहीत, तेव्हा सैल, लोकरीचे कपडे आधीच क्रमाने रचून ठेवावेत. आधी घालायचा तो सगळ्यात वर. डोक्यावर लोकरी टोपी, हातात गरम चहा. लगेच कढत पाण्याने अंघोळ मात्र नको, त्याने घेरी येऊ शकते. ‘ऊब येते’ म्हणून ब्रँडीही नको.

आता चावणारे, डसणारे!

या पाण्यात सांभाळायचं ते मुख्यतः ‘लायन्स मेन’ या जेलीफिशपासून. नावाप्रमाणेच सिंहाच्या आयाळीसारखे तांबूस धागे, काही वेळा कित्येक मीटर लांब. उन्हाळ्यात ती उपसागरात येते. तुटलेला धागाही डसतो आणि वाळूवर मरून पडलेलीही डसते, म्हणून मुलांना हात लावू देऊ नका. जांभळी चार वर्तुळं असलेली ‘मून’ जेलीफिश तिच्या मानाने सौम्य.

समुद्राच्या पाण्याने धुवा, बर्फ लावा, असा सल्ला पूर्वी देत. २०१७ साली आयर्लंडमधल्या गॉलवे विद्यापीठाच्या आणि हवाईच्या शास्त्रज्ञांनी मिळून दाखवून दिलं, की लायन्स मेनच्या दंशावर या दोन्ही उपायांनी विष उलट वाढतं. त्यांनी सांगितलेला उपाय आपल्या स्वयंपाकघरातलाच आहे. डंखावर व्हिनेगर ओता, चोळू नका. चिकटलेले धागे चिमट्याने उचला. मग तो भाग ४५ अंशांच्या गरम पाण्यात ४० मिनिटं बुडवून ठेवा किंवा तितकाच गरम शेक द्या. पाणी किती गरम आहे ते दुसरीने आपल्या हाताने पाहावं, नाहीतर डंख राहायचा आणि भाजायचं! दम लागला, उलट्या झाल्या किंवा पाठीत कळा आल्या, तर ताबडतोब इस्पितळ गाठावं.

वाळूत दडून बसणारा वीव्हर मासा पायाखाली आला, की काटा टोचतो. त्यालाही सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवणं हाच उपाय. पाण्यातले बूट घातले तर ती वेळच येत नाही. सील दिसायला गोड, पण त्याच्या जवळ जाऊ नये. तो जवळ आला, तर आपणच शांतपणे किनाऱ्याकडे वळावं.

जाण्यापूर्वी एवढं लक्षात ठेवा

एकटीने कधीही उतरू नका. भरती-ओहोटी आणि वारा पाहून घ्या. बाहेर यायची जागा आधी ठरवा. भडक रंगाची टोपी घाला. मोठ्या पावसानंतर सांडपाणी समुद्रात येतं, तेव्हा एक-दोन दिवस थांबा आणि मनाईचा फलक असेल तर परत फिरा. कुणी बुडताना दिसलं, तर मागे उडी टाकू नका; तरंगेल असं काही फेका आणि ११२ वर फोन करून तटरक्षक दलाला बोलवा.

आणि आयांनो, फोनवर "समुद्रात मुळीच जाऊ नकोस" म्हणून लेकी ऐकत नसतात. त्यापेक्षा विचारावं, "बरोबर कोण आहे? टोपी घेतलीस? व्हिनेगर आणि थर्मास पिशवीत आहे ना?"