छत्तीस तारांचा सूर

भालकीच्या आमच्या घरामागच्या पडवीत पूर्वी कडबा रचलेला असे. आता तिथे केए ३९ पासिंगची माझी एक्सपल्स मोटारसायकल उभी असते. तिच्याभोवती पाने, रॉकेलचा डबा आणि वडिलांच्या जुन्या धोतरांच्या चिंध्या. घरच्यांच्या मते ही सगळी अडगळ आहे. दिवाळीची साफसफाई निघाली की दरवर्षी तिच्यावर संक्रांत येते.

डांबरीवर आणि डांबर संपल्यावरही चालणाऱ्या या गाड्यांचा इतिहास थोडक्यात उरकतो. १९६८च्या यामाहा डीटी-१ने ही जात जगात रुजवली. आपल्याकडे २०११ला हिरोची इम्पल्स आली, रस्त्यावर फारशी न दिसताच गेली. २०१६ला रॉयल एनफील्डची हिमालयन आली आणि २०१९ला हिरोचीच एक्सपल्स: १९९.६ सीसी, पुढे २१ इंची चाक, मागे १८ इंची, जमिनीपासून २२० मिलिमीटर उंची. पुरे.

आता आमचा मुलूख. बीदर शहर जांभ्याच्या पठारावर वसलंय, तिथली धूळ लाल. पठार उतरून भालकी-औरादकडे आलं की काळं रान. कलबुर्गीकडे (आमच्या तोंडी अजून गुलबर्गाच) शहाबाद-चितापूरच्या बाजूला गेलात तर फरशीच्या खाणींची पांढुरकी भुकटी. तीन जिनसांची धूळ एकाच एअर फिल्टरमध्ये जाते. त्यामुळे पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरची वाट न पाहता मी फिल्टर उन्हाळ्यात निम्म्या अंतरावरच काढून बघतो. कागदी फिल्टरवर बाहेरून जोराची हवा मारू नये, धूळ कागदात आणखी घट्ट बसते.

पण धुळीपेक्षा वाईट तो राडा. आमच्याकडे चिखलाला राडा म्हणतात आणि तो शब्द बरोबरच आहे. पावसाळ्यात पाणंदीत शिरलात की काळी माती टायरला धरते, टायरवरून मडगार्डात भरते, आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. गाडी स्टँडशिवाय उभी राहते! घरी आल्यावर ती माती ओली असतानाच धुवावी. एकदा वाळली की पाथरवटच बोलवावा लागेल. आणि धुताना पाण्याचा जोराचा फवारा बेरिंगवर धरू नये. माती निघते, पण आतलं ग्रीसही निघतं.

चेनबद्दल एकच सांगतो, कारण हे फार कमी जणांना माहीत असतं. या गाड्यांचं मागचं चाक खूप वरखाली होतं. पुढचा छोटा स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा खिळा आणि मागचा आस एका रेषेत आले की चेन सर्वात जास्त ताणली जाते. म्हणून उभ्या गाडीला चेन जरा ढिली दिसते, ती तशीच हवी. नव्या हौशी माणसाला ते बघवत नाही. तो चेन आवळतो, मग खड्ड्यात स्प्रॉकेटमागचं बेरिंग बोंबलतं.

आता माझा खरा विषय, चाकाच्या तारा.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमारास गाडी साठाच्या पुढे गेली की हँडल थरथरायचं. मी आधी कोनसेटवर, म्हणजे हँडलच्या बेरिंगवर, संशय घेतला. तो खोलला, नवा आणून बसवला. मग फोर्कचं ऑईल बदललं. मग टायर. तीन रविवार गेले, पैसे गेले, थरथर तशीच. शेवटी गावातल्या एका पोरसवदा मिस्त्रीकडे नेली. त्याने पुढचं चाक उचलून फिरवलं, दोन तारा बोटांत धरून दाबल्या आणि म्हणाला, "काका, इंजन को हात नक्को लगाओ, ताराँ ढीले हैं." मी इंजिनाला हात लावलाच नव्हता, पण त्याचं म्हणणं मला कळलं.

सहसा एका चाकात ३६ तारा असतात. प्रत्येक तार आधीच ताणलेली असते. वजन आलं की जमिनीकडच्या तारांचा ताण घटतो, चाक फिरून त्या वर आल्या की परत भरतो. म्हणजे दर फेऱ्याला प्रत्येक तार एकदा सैल, एकदा ताठ. २१ इंची चाकाचा टायरसकट घेर सव्वादोन मीटरच्या जरासा आत येतो. बीदर ते कलबुर्गी शंभरावर किलोमीटर धरा, तेवढ्यात एकेक तार जवळपास पन्नास हजार वेळा हा श्वास घेते. त्यात एक ढिली पडली की तिचं ओझं शेजारणींवर जातं, आणि मग त्या तुटतात. तुटतात तीही बहुतेक वेळा हबजवळ, जिथे तारेला वाक दिलेला असतो. आणि राड्याचं पाणी निपलच्या, म्हणजे तारेच्या रिमकडच्या नटाच्या, आट्यांत मुरलेलं असेल तर तार आवळायला गेल्यावर निपल फिरतच नाही, जोर केला की त्याचे चौकोनी कोपरे झिजून गोल होतात.

ढिली तार शोधायची युक्ती म्हणजे पान्याने हलके टिचकी मारणे. ताणलेली तार टणकन वाजते, ढिली भद्द करते. माझा कान मात्र बेसूर. तेव्हा आमच्या गल्लीतले भजनी मंडळाचे तबलजी अण्णा पडवीत येऊन बसले. मी चाक फिरवत एकेक तार वाजवायची, त्यांनी डोळे मिटून "ही नाही... ही नाही... ही बघ" म्हणायचं. छत्तीसमधल्या पाच निघाल्या. मी पहिलीच तार दोन फेरे आवळायला गेलो तर ओरडले, "अरे, एकाच गठ्ठ्यावर हातोडी मारत बसलास तर पुडी फाटेल!" तबला सुरात आणताना समोरासमोरचे गठ्ठे थोडे थोडे ठोकत जातात. चाकाचंही तसंच. पाव फेरा, मग समोरची तार, परत पाव फेरा. फोर्कला एक प्लॅस्टिकची पट्टी बांधून तिचं टोक रिमला जेमतेम लागेल असं ठेवलं की चाकाचा आउट डोळ्यांना दिसतो. तार ज्या बाजूच्या हबला जाते त्या बाजूला रिम ओढली जाते. दोन तासांत चाक सरळ झालं. चहाचे तीन कप लागले. सगळ्या तारांचा सूर मात्र एक झाला नाही, आणि अण्णांना ते अजून खटकतं.

फेरफारांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: निम्मे वजन वाढवतात. मीही जाड लोखंडी गार्ड बसवला होता, फॉग लाइट लावले होते, फ्यूज न घालता. वायर वितळली तेव्हा अक्कल आली. कामाचे फेरफार तीन. इंजिनाखाली अॅल्युमिनियमचा पत्रा, उभं राहून चालवता यावं म्हणून हँडल थोडं वर (आधी क्लच वायर पुरते का बघून), आणि पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी. तेराचे बारा केले तर ओढ साधारण आठ टक्के वाढते, वेग तितकाच घटतो. यापुढे जायचं असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल चालणार नाहीत असं सांगितलंय.

आणि ट्यूब. आमच्या बांधाबांधावर वेडी बाभूळ आहे, कन्नडमध्ये तिला बळ्ळारी जाली म्हणतात. तिचा काटा कोणत्याही कंपनीच्या टायरला मान देत नाही. हुमनाबाद तालुक्यात जलसंगवीच्या देवळाबाहेर मागचं चाक बसलं. जवळ फक्त पुढच्या चाकाची जादा ट्यूब होती. २१ची ट्यूब अडीअडचणीला १८च्या टायरात कोंबता येते, पण मी पॅच लावला. सोल्यूशन वाळेपर्यंत देवळाभोवती फिरलो. बाहेरच्या भिंतीवर एक शिलाबालिका पाठमोरी उभी राहून दगडावर अक्षरं कोरते आहे, चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याबद्दलची. पॅच केव्हाच वाळला होता, मी तिथेच उभा. व्हॉल्व्हचा खालचा नट तेव्हापासून रिमवर आवळत नाही. ट्यूब आत सरकली तर व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसतो आणि वेळीच कळतं.

पुढच्या चाकातल्या एका तारेचा निपल कोपरे झिजून गोल झालाय. ती अजून भद्द वाजते. तिच्या मापाची तार बीदरमध्ये मिळाली नाही, भाऊबीजेला लातूरला जाईन तेव्हा तिथे विचारणार आहे.