यंत्राची अटकळ आणि औषधाची कसोटी

नव्या औषधाचा शोध आजवर मुख्यतः दोन वाटांनीं लागत आला आहे. एक योगायोगाची आणि दुसरी चिकाटीची. १९२८ सालीं लंडनमध्यें अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या काचेच्या तबकडींत बाहेरून बुरशी येऊन पडली, तिच्याभोंवतालचे जंतु विरून गेले, आणि त्यांतून पुढें पेनिसिलिन हातीं आलें. ही पहिली वाट. त्यापूर्वीं जर्मनींत पॉल एर्लिख यांनीं उपदंशावर उपाय शोधतांना सोमलाचीं शेंकडों संयुगें एकामागून एक पारखलीं, आणि त्यांतलें ‘६०६’ क्रमांकाचें संयुग १९१० सालीं औषध म्हणून बाजारांत आलें. ही दुसरी वाट. कृत्रिम बुद्धिमत्तेनें आतां तिसरी वाट उघडली आहे, असें म्हटलें जातें. ती कोठवर जाते आणि कोठें थांबते, हें समजून घेण्यासारखें आहे.

मूळची अडचण अशी कीं, औषध होऊं शकतील अशा संभाव्य रेणूंची संख्या एकावर साठ शून्यें इतकी असावी, असा रसायनशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. जगांतील सर्व प्रयोगशाळा रात्रंदिवस राबल्या, तरी ह्या सागरांतील एक थेंबहि तपासून व्हावयाचा नाहीं. शिवाय निवडलेला रेणु औषध ठरेपर्यंत दहा-बारा वर्षें सहज लोटतात, आणि मानवी चांचण्यांपर्यंत पोंचलेल्या दहा द्रव्यांपैकीं सुमारें नऊ मध्येंच गळतात.

इकडे जंतु मात्र थांबून राहत नाहींत. अपुऱ्या मात्रेनें पेनिसिलिन घेतल्यास जंतु त्याला सरावतील, हा इशारा फ्लेमिंग यांनीं १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानांतच दिला होता. तो खरा ठरला. २०१९ ह्या एका वर्षांत औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळें जगांत सुमारें १२ लाख ७० हजार माणसें थेट मृत्यु पावलीं, असा अंदाज पुढें प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया, अवघड बाळंतपण, कर्करोगावरील उपचार हीं सर्व प्रतिजैविकांच्या आधारावर उभीं आहेत. तो आधार खचला, तर साध्या जखमेचें जुनें भय पुन्हां घराघरांत येईल.

ह्याच क्षेत्रांत यंत्राची करामत प्रथम ठळकपणें दिसली. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत जेम्स कॉलिन्स आणि रेजिना बार्झिले यांच्या सहकाऱ्यांनीं आरंभीं दोन हजारांहून अधिक द्रव्यें ई. कोलाय या जंतूवर घालून पाहिलीं. कोणत्या द्रव्यानें जंतूंची वाढ थांबली आणि कोणत्यानें थांबली नाहीं, याची नोंद केली. मग प्रत्येक रेणूची घडण, म्हणजे त्यांतील अणु आणि त्यांचे परस्परांशीं असलेले बंध, ही त्या नोंदीसह संगणकाला पुरविली. कोणता भाग जंतूला मारतो, हें मात्र त्याला कोणीं सांगितलें नाहीं. हजारों नाणीं हाताळलेल्या सराफाला खोटें नाणें नादावरून कळतें, पण तें कसें कळलें हें नेमकें सांगतां येत नाहीं. तशी कांहींशी पारख त्या यंत्रांत उतरली.

त्यानंतर सुमारें सहा हजार द्रव्यांची एक जंत्री यंत्रापुढें ठेवण्यांत आली. त्यांतून पुढें आलेलें एक द्रव्य पूर्वीं मधुमेहासाठीं अभ्यासिलें गेलें होतें. त्याची घडण प्रचलित प्रतिजैविकांहून निराळी होती. तरीहि क्षयाच्या जंतूसह अनेक जंतूंवर तें गुणकारी ठरलें, आणि उंदरांतील हट्टी संसर्गहि त्यानें हटविला. ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटांतील हॅल नांवाच्या संगणकावरून त्याचें नांव ‘हॅलिसिन’ ठेवण्यांत आलें. २०२० सालीं हा शोध प्रसिद्ध झाला. पुढें त्याच यंत्रानें दहा कोटींहून अधिक रेणूंची छाननी केवळ कांहीं दिवसांत केली. त्यांतील २३ द्रव्यें प्रत्यक्ष तपासलीं, तेव्हां ८ जंतुनाशक निघालीं.

ह्या आंकड्यांतच नव्या विद्येचें मर्म आहे. २३ पैकीं १५ अटकळी चुकल्या. तरीहि दहा कोटींचा ढीग उपसण्याऐवजीं तेवीसांवर भागलें. यंत्र निकाल देत नाहीं, तें केवळ कोठें खणावें हें दाखवितें. हॅलिसिन जंतूच्या आवरणावरील विद्युद्भाराचा तोल बिघडवितें, हेंहि यंत्रानें सांगितलें नाहीं. तें माणसांनीं प्रयोग करूनच जाणलें. शिवाय स्यूडोमोनास नांवाच्या चिवट जंतूवर त्याची मात्रा चालली नाहीं.

शरीरांतील प्रथिनांचे आकार ओळखण्याच्या कामींहि अशींच यंत्रें उपयोगी पडलीं. त्या कार्याबद्दल डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. कुलुपाचा आकार कळला कीं किल्ली घडविणें सोपें होतें. परंतु किल्ली फिरते कीं नाहीं, हें दारापाशींच कळतें. यंत्राच्या साह्यानें रचलेलें एक मानसरोगावरील द्रव्य २०२० सालीं मानवी चांचणींत उतरलें, पण पहिल्याच टप्प्यांत अपेक्षा पुऱ्या न झाल्यानें सोडून द्यावें लागलें. उलट, फुप्फुसें कठीण करणाऱ्या एका रोगावर असेंच शोधलेलें ‘रेंटोसर्टिब’ चीनमध्यें ७१ रुग्णांवर पारखलें गेलें. २०२५ सालीं प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष आशादायक आहेत. तथापि, एवढ्या थोड्या रुग्णांवरून कायमचा कौल देतां येत नाहीं. यकृत, मूत्रपिंड, हृदय यांवर होणारा परिणाम काळ जाऊं दिल्यावांचून कळत नाहीं, आणि तो काळ कोणत्याहि यंत्राला आंखडतां येत नाहीं.

आणखी एक गांठ विज्ञानाच्या बाहेरची आहे. नवें प्रतिजैविक जितकें जपून वापरावें, तितकें तें टिकतें. पण जपून वापरलेल्या औषधाची विक्री बेताचीच होते. २०१८ सालीं एका अमेरिकन कंपनीच्या नव्या प्रतिजैविकाला सरकारी मान्यता मिळाली, आणि पुढच्याच वर्षीं तिचें दिवाळें वाजलें. यासाठींच ब्रिटननें २०२२ मध्यें, वापर थोडा होवो वा अधिक, कांहीं प्रतिजैविकांबद्दल उत्पादकांना ठरलेली वार्षिक रक्कम देण्याची पद्धति सुरू केली. शोध स्वस्त झाला, तरी त्याला सांभाळणारी व्यवस्था माणसांनींच उभारावयाची असते.

ह्या व्यवस्थेचा एक भाग प्रत्येक घरांत आहे. साधें पडसें बहुधा विषाणूमुळें होतें, आणि विषाणूवर प्रतिजैविकाचा कांहींच उपयोग नसतो. तरी मागच्या आजारांतील उरलेल्या गोळ्या काढून घेण्याची, किंवा वैद्याला न विचारतां दुकानांतून त्या आणण्याची संवय सुशिक्षित घरांतहि आढळते. अशी प्रत्येक अनाठायीं गोळी जंतूंना एक धडा शिकवून जाते. यंत्र औषधाच्या शोधांतलीं कांहीं वर्षें वांचवील. तीं वर्षें औषधाच्या पेटीपाशीं गमवावयाचीं कीं राखावयाचीं, हें घरांतल्या माणसांच्या हातीं आहे.