अंगणात सापडलेले बटण

मागच्या उन्हाळ्यात पुलगावच्या घरी नळाचा पाइप टाकायला अंगण खणले, तेव्हा मातीतून एक काळेकुट्ट बटण निघाले. आम्ही ते भंगारात टाकणार, तोच माय म्हणाली, "तुह्या आज्याच्या कोटाचं व्हय ते. ठेव." आजोबा रेल्वेत होते, एवढेच आम्हाला ठाऊक.

घरात लगेच चिंच आणि राख निघाली. आम्ही अडवले. जुने बटण घासले की अक्षरे झिजतात. कोमट पाण्यात भिजवून मऊ ब्रशने माती काढली. लोहचुंबकाला ते चिकटले नाही, म्हणजे लोखंड नव्हे. मग वर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकी फिरवली, तशी इंग्रजी अक्षरे उमटली. जी. आय. पी. आर. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे! १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी सोडणारी आणि १८६७ मध्ये वर्ध्यावरून नागपूरपर्यंत रूळ नेणारी तीच. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी ती मध्य रेल्वेत गेली, बटण त्याआधीचे. अशा बटणांच्या मागे कडीभोवती कधी बारीक नाव असते. ते बहुधा लंडन-बर्मिंगहॅमच्या कारखानदाराचे, घालणाऱ्याचे नव्हे.

पुलगाव-आर्वीची छोटी गाडी दुसऱ्या कंपनीच्या मालकीची, पण चालवायची जीआयपीच. त्यामुळे आजोबा कोणत्या रुळावर होते, ते बटण सांगत नाही. हुद्दाही सांगत नाही. काका म्हणाले, पोर्टर होते. बटणाचा कोट दुसऱ्या कोणाला मिळणार?

आम्हाला मनमाड आठवले. फेब्रुवारी १९३८ मध्ये तेथे जीआयपीतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. बाबासाहेबांनी तेथे सांगितले होते की, आपला माणूस जन्मभर गँगमनच राहतो. त्याला पोर्टरही करीत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचेही काम करावे लागते आणि तेथे विटाळ आडवा येतो.

शेवटी आत्याने पत्र्याची पेटी उघडली. वाचकहो, तुमच्याही घरी अशी पेटी असेल तर पगाराच्या चिठ्ठ्या, फंडाचे कागद फेकू नका. आमच्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर 'गँगमन' असे स्पष्ट होते. काका बराच वेळ बोलले नाहीत.

"आन् कोट?" मायने विचारले.

"एका गार्डानं देल्ला होता, जुना," आत्या म्हणाली. "हिवाळ्यात रुळावर जातानी घालत. बटन हरपलं तवा दोन दिस शोधत होते."