कॅन्सरचे जनुकदोष आहेत, कॅन्सर नाही

एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी भलत्याच जागी, बहुधा अंडाशयावर, रुजतात आणि दर पाळीला तिथेही रक्तस्राव होतो. त्या रक्ताला वाट नसते. ते साठून काळपट, दाट होते. हीच ‘चॉकलेट सिस्ट’. जुन्या रक्तातले लोह पेशींच्या डीएनएला इजा करत राहते, असे मानले जाते.

यातून कॅन्सर होऊ शकतो, हे अमेरिकेतल्या अल्बनीचे डॉ. जॉन सॅम्पसन यांनी 1925 मध्येच मांडले होते. त्यांची अट कडक होती: त्याच अंडाशयात एंडोमेट्रिओसिस दिसला पाहिजे आणि कॅन्सर तिथेच उगवलेला हवा, दुसरीकडून पसरलेला नको. जनुकीय पुरावा मिळायला 2010 उजाडले. अंडाशयाच्या ‘क्लिअर सेल’ कॅन्सरच्या जवळपास निम्म्या नमुन्यांत एआरआयडी1ए हे जनुक बिघडलेले आढळले. काही रुग्णांत तर गाठीला लागून असलेल्या एंडोमेट्रिओसिसमध्येही नेमका तोच बिघाड होता. दूरच्या डागांत नव्हता. गुन्ह्याचा माग लागला, असेच तेव्हा वाटले.

2017 मध्ये मात्र पंचाईत झाली. आतवर रुतणाऱ्या प्रकारच्या एंडोमेट्रिओसिसचा कॅन्सर क्वचितच होतो. कॅन्सर नसलेल्या स्त्रियांचे असे डाग तपासले, तर काहींत कॅन्सरला चालना देणारे जनुकदोष सापडले. पुढे निरोगी गर्भाशयाच्या अस्तरातही तसलेच दोष दिसले. म्हणजे दोष एकटा पुरत नाही. त्याला पोसणारी परिस्थितीही लागते. मला या संशोधनातली ही अडचणच सर्वांत मोलाची वाटते.

मथळ्यांना अर्थात ‘चौपट धोका’ आवडतो. 2024 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातील अभ्यासात अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका साधारण चौपट निघाला, आतवर रुतलेला आजार किंवा चॉकलेट सिस्ट असलेल्यांत नऊपटीहून जास्त. पण मुळात हा कॅन्सर विरळा. त्याच अभ्यासाच्या हिशेबाने दहा हजार स्त्रियांमागे जादा रुग्ण सुमारे 10. तेवढ्यासाठी सरसकट अंडाशय काढून टाकणे मला तरी पटत नाही.

सीए-125 या रक्तचाचणीवरही विसंबता येत नाही, कारण नुसत्या एंडोमेट्रिओसिसनेही तिचा आकडा चढतो. सोनोग्राफीत सिस्टच्या आतल्या भिंतीवर घट्ट मांसल वाढ दिसली, तिच्यात रक्तप्रवाह आढळला किंवा पाळी गेल्यानंतर सिस्ट वाढू लागली, तर मात्र तपासणी लांबवू नये.