खांदेरीची बत्ती: मीठ, चुना आणि काच

१८६७ हे नागपूरकरांसाठी रेल्वेचं साल. भुसावळहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग त्या वर्षी नागपुरात पोचला आणि वऱ्हाड-नागपूरचा कापूस बैलगाड्यांऐवजी वाघिणींतून मुंबई बंदराकडे जाऊ लागला. त्याच वर्षी मुंबईच्या दक्षिणेला, अलिबागजवळच्या थळ गावासमोर, खांदेरी बेटावरचं दीपगृह पेटलं. हिंगणघाटचा कापूस तेव्हा पार लिव्हरपूलच्या बाजारात नावाजलेला होता. तो घेऊन जाणाऱ्या आणि विलायती कापड घेऊन येणाऱ्या जहाजांना मुंबईचं तोंड अंधारात सापडावं यासाठी जे दिवे लावले गेले, त्यातला हा एक. दोनच वर्षांनी सुएझ कालवा उघडला आणि या किनाऱ्यावरची वर्दळ कित्येक पटींनी वाढली.

नागपूरच्या गांधीबागेतल्या कपडा बाजारात बसून समुद्राविषयी लिहावंसं वाटतं ते या धाग्यामुळे. आणखी एक धागा आहे, तो जमिनीखालचा. सीताबर्डीची टेकडी काळ्या बेसॉल्टची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या दख्खनच्या लाव्ह्याची पूर्वेकडची कड नागपुरापाशी येते. शहराच्या पूर्वेला त्याहून फार जुने खडक लागतात. त्याच लाव्ह्याची पश्चिमेकडची कड अरबी समुद्रात बुडालेली आहे आणि खांदेरी हा तिचा पाण्याबाहेर राहिलेला तुकडा. दगड दोन्हीकडे एकाच जातीचा. त्याचं पुढे काय होतं, ते मात्र हवेवर ठरतं.

बेटाचा इतिहास दीपगृहाच्या कितीतरी आधी सुरू होतो. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी इथे किल्ला बांधायला घेतला. मायनाक भंडारी यांच्या देखरेखीखाली, इंग्रजांच्या आणि सिद्दीच्या जहाजांना तोंड देत, भर पावसाळ्यात दगड वाहून हे काम झालं. मुंबईच्या दाराशी मराठ्यांचं ठाणं असणं इंग्रजांना परवडणारं नव्हतं. तरी त्यांना माघार घ्यावी लागली. पुढे बेटाशी आंग्र्यांचं नाव जोडलं गेलं, आणि आज बेट आणि बत्ती दोन्ही कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखली जातात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूदृश्यां’मधले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात खांदेरी आहे. आता इथे डागडुजी होईल, माणसं येतील, पैसा येईल. म्हणूनच दीपगृहाच्या अष्टकोनी मनोऱ्याच्या जतनाबद्दल आत्ताच बोलायला हवं, कारण समुद्रातल्या जुन्या इमारतीचं सर्वांत मोठं नुकसान अनेकदा घाईने केलेल्या दुरुस्तीतूनच होतं.

दीपगृहाचा मोठा शत्रू लाटा नाहीत. मिठाचे अगदी बारीक स्फटिक आहेत.

वारा समुद्राचे सूक्ष्म तुषार उचलतो, ते भिंतीवर बसतात, पाण्याबरोबर दगडाच्या आणि चुन्याच्या छिद्रांत शिरतात. पाणी उडून जातं, मीठ आत राहतं. नुसतं पडून राहिलं असतं तर फारसं बिघडलं नसतं. पण साध्या मिठाचा एक गुण असा की हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतूनच पाणी ओढून विरघळतं, आणि त्याखाली आली की पुन्हा स्फटिक होऊन बसतं. हा उंबरठा आपल्याकडच्या तापमानात जवळजवळ बदलत नाही. नागपुरात एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की कूलर उत्तम चालतो. इथल्या भिंतीत मीठ असलंच तर ते महिनोन् महिने स्फटिकरूपात स्वस्थ पडून राहतं. कोकणात पावसाळाभर ते विरघळलेलंच असतं. खरा घात होतो तो पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरपासून मेपर्यंत. तेव्हा पहाटे आर्द्रता पंच्याहत्तरच्या वर असते आणि दुपारी खाली उतरते. म्हणजे मीठ रोज विरघळतं आणि रोज नव्याने गोठतं. प्रत्येक वेळी वाढणारा स्फटिक छिद्राच्या भिंतींवर आतून दाब देतो. दीडशे वर्षं असं चाललं की दगडाचे पापुद्रे सुटतात, गिलावा फुगतो, बोट लावलं तर भुकटी हाताला येते. भिंतीला लोणा लागला असं आपण म्हणतो, तो हाच.

या मिठाचं काय करायचं, हा जीर्णोद्धाराचा पहिला प्रश्न. त्याला अलीकडे सर्रास दिलं जाणारं उत्तर चुकीचं आहे: जुना गिलावा खरवडायचा, वर सिमेंटचा जाड थर द्यायचा आणि त्यावर चकचकीत रंग. काम झटपट दिसतं, उद्घाटनाला शोभतं. पण सिमेंट चुन्यापेक्षा कितीतरी घट्ट असतं, पाण्याच्या वाफेला सहजी वाट देत नाही. ओलसर कापडाची गठाण प्लास्टिकमध्ये बांधून गोदामात टाकली तर महिन्याभराने आत काय होतं, हे गांधीबागेतल्या कुणाही व्यापाऱ्याला सांगावं लागत नाही. भिंतीचंही तेच होतं. ओल आत अडकते, बाहेर पडायला कुठे कमजोर जागा मिळते ते शोधते, आणि मिठाचे स्फटिक नेमके तिथे साठतात. ती जागा बहुधा मूळ दगडाची असते.

मुरूडजवळच्या पद्मदुर्गावर याचं एक विलक्षण दर्शन होतं. तिथल्या तटात दगड झिजून आत गेले आहेत, आणि दोन दगडांमधला चुना मात्र जाळीसारखा पुढे उभा आहे. बघणारे त्या चुन्याची तारीफ करतात आणि ती रास्तच आहे; साडेतीनशे वर्षं समुद्र झेलणं सोपं नाही. पण जतनशास्त्राच्या नजरेने पाहिलं तर याच दृश्यात एक इशाराही आहे. सांधा दगडापेक्षा टिकाऊ ठरला की झीज दगडाच्या वाट्याला येते. सांधा पुन्हा भरता येतो, दगड पुन्हा आणता येत नाही. म्हणून आज जाणकार असा चुना निवडतात जो दगडापेक्षा थोडा मऊ आणि जास्त सच्छिद्र असेल. ओल त्यातून बाहेर पडावी, मीठ त्यात जमावं, तो झिजावा, आणि दर काही वर्षांनी तेवढाच बदलावा.

असा चुना करणं ही वेळखाऊ गोष्ट आहे. चुनखडी किंवा शिंपले सुमारे ९०० अंश सेल्सियसला भाजले की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यात पाणी घातलं की तो उकळू लागतो, फुटतो, विरतो. हा विरलेला चुना भिंतीत गेल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी बनतो. सगळ्या फेऱ्याला महिने लागतात, जाड भिंतीत वर्षंही. समुद्राकाठी तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून त्यात भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, मिसळतात. तिच्यातली सिलिका आणि अॅल्युमिना चुन्याशी संयोग पावतात, आणि मिश्रण ओलाव्यातही घट्ट होतं. जुने कारागीर गूळ आणि हिरडा घालत. गुळातल्या साखरेमुळे चुना पाण्यात जास्त विरघळतो, हे रसायनशास्त्राला मान्य आहे. किल्ल्यांवर दिसणारी चुन्याची घाणी हा या सगळ्या ज्ञानाचा दगडी पुरावा. मला मनापासून वाटतं की अशा घाण्या नुसत्या पाट्या लावून दाखवण्यापेक्षा एखादी पुन्हा चालवून बघावी.

नवा चुना लावण्याआधी जुनं मीठ काढावं लागतं. त्यासाठी कागदाचा लगदा आणि पांढरी माती पाण्यात कालवून भिंतीवर लेप देतात. लेपातलं पाणी दगडात उतरतं, मीठ विरघळवतं, आणि लेप सुकताना ते मीठ बाहेर लेपात ओढलं जातं. वाळलेला लेप काढून तो शुद्ध पाण्यात ढवळायचा आणि त्या पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजायचं. आकडा उतरत गेला की मीठ निघत आहे असं समजायचं. हे काम पुन्हा पुन्हा करायचं असतं. फोटोत ते दिसत नाही, म्हणून अंदाजपत्रकात त्याची तरतूद आधीच करायला हवी.

आता वरच्या खोलीकडे, काचेकडे.

दिव्याची ज्योत सगळ्या दिशांना उजेड फेकते. समुद्राला त्यातला फक्त क्षितिजालगतचा पातळ पट्टा हवा असतो. हा पट्टा गोळा करायला भलं मोठं बहिर्गोल भिंग लागेल, पण ते इतकं जाड होईल की काचेतच उजेड जिरेल. फ्रान्सच्या ओगुस्तँ फ्रेनेलने ओळखलं की प्रकाश वळतो तो काचेच्या पृष्ठभागावर. मधली जाडी निरुपयोगी. ती काढून त्याने वक्रतेचे तुकडे वर्तुळाकार ओळींत बसवले आणि पुढे कडेला असे लोलक लावले जे प्रकाशाला आतूनच परावर्तित करून क्षितिजाकडे वळवतात. १८२३ मध्ये जिरोंद खाडीच्या मुखाजवळच्या कोर्दुआँ दीपगृहात असं वर्तुळाकार ओळींचं भिंग पहिल्यांदा बसलं. ते दीपगृह २०२१ पासून जागतिक वारसा आहे.

या भिंगांचा सांभाळ हे वेगळंच शास्त्र. लोलक पितळी चौकटीत शिसं मिसळलेल्या लांबीने बसवलेले असतात. ती वाळून तडकली की काच सैल होते. रखवालदार लिननचा एप्रन घालत, कारण अंगावरच्या बटणानेही चरा पडे. दिवसा पडदे ओढून ठेवत, कारण भिंग उलटंही चालतं: सूर्याचे किरण आत गोळा होऊन दिवा वितळू शकतो, आगही लागू शकते. काही मोठी भिंगं पाऱ्याच्या तळ्यावर तरंगवलेली होती, कित्येक टनांचं वजन बोटाने फिरे. पाऱ्याची वाफ विषारी असल्याने जीर्णोद्धारात तो पारा सुरक्षितपणे काढणं हे पहिल्या कामांपैकी एक असतं.

जुन्या भिंगात नवा एलईडी दिवा बसवला की काम झालं, असा समज आहे. इथे जरा हिशेब करू. मोठ्या भिंगाचं नाभीय अंतर ९२० मिलिमीटर. मध्ये ५० मिलिमीटरची ज्योत असेल तर झोत साधारण तीन अंश रुंद होतो. दर ३० सेकंदांना एक फेरी घेणाऱ्या भिंगाचा झोत खलाशाच्या डोळ्यावरून पाव सेकंदात सरकतो. त्याच जागी ५ मिलिमीटरचा एलईडी ठेवला तर झोत एक दशांश रुंदीचा, आणि चमक सेकंदाच्या चाळिसाव्या हिश्शाएवढी. डोळ्याला इतकी क्षणिक चमक मंद भासते. ब्लाँदेल आणि रे या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी यासाठी सूत्र दिलं: चमकेचा कालावधी भागिले त्यात ०.२ सेकंद मिळवून येणारा आकडा. पाव सेकंदाची चमक डोळ्याला निम्म्याहून थोडी अधिक तीव्र वाटते, चाळिसाव्या हिश्शाची जेमतेम एक नवमांश. शिवाय झोत उंचीतही अरुंद होतो, त्यामुळे तो जवळच्या होडीच्या डोक्यावरून निघून जाऊ शकतो. म्हणजे दिवा बदलताना त्याचा आकारही जुळवावा लागतो, किंवा भिंगाला विश्रांती देऊन बाहेर वेगळा दिवा लावावा लागतो. मला पहिला मार्ग पसंत आहे, कारण फिरणारं भिंग पाहून एखाद्या मुलाला प्रकाशशास्त्र जितकं कळेल तितकं संग्रहालयातल्या थिजलेल्या भिंगातून कळणार नाही.

जीपीएसच्या काळात बत्ती कशाला, असं कुणी विचारतं. समुद्रात जीपीएसचे संदेश दाबले जातात, खोटेही पाठवले जातात. गेल्या काही वर्षांत काळ्या समुद्रात आणि पूर्व भूमध्य समुद्रात हे वारंवार घडलं आहे. उपग्रहावर अवलंबून नसलेली, डोळ्यांनी पटवता येणारी खूण म्हणून बत्ती आजही कामाची आहे. ५० मीटर उंचीवरचा दिवा, वातावरणातलं प्रकाशाचं वळण धरून, समुद्रसपाटीवरच्या डोळ्याला सुमारे २७ किलोमीटरवरून दिसतो. पाहणारा १० मीटर उंच डेकवर असेल तर जवळजवळ ३९. १९२७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ मध्ये नवा कायदा आला, त्यात दीपगृहांचा वारसा जपण्याची तरतूद आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातल्या ७५ दीपगृहांवर पर्यटन सुविधा सुरू झाल्या. हे स्वागतार्ह आहे, पण उपाहारगृह आणि सेल्फीची जागा आधी आणि भिंतीतल्या आर्द्रतेची मोजणी नंतर, हा क्रम उलटा व्हायला हवा. किमान एक पावसाळा आणि एक उन्हाळा भिंतीत मापकं ठेवावीत, मग थापी उचलावी.

खांदेरीला जायचं तर पावसाळा टाळून, थळच्या किनाऱ्यावरून बोटीने. बेट मुंबई बंदर प्राधिकरणाच्या अखत्यारीत असल्याने परवानगीची चौकशी आधी करावी, भरती-ओहोटीच्या वेळा कोळीबांधवांना विचाराव्यात. वर पोचल्यावर समुद्राचा देखावा पाहायच्या आधी मनोऱ्याच्या पायाशी थोडं थांबा. पांढरी पूड कुठवर चढली आहे, डागडुजी कुठे राखाडी सिमेंटची आहे आणि कुठे चुन्याची, सिमेंटच्या थराच्या कडेला दगड सुटला आहे का, ते बघा. वेताळाच्या देवळाजवळ एक दगड आहे, ज्यातून धातूसारखा नाद येतो; तोही वाजवून बघा. भिंतीचे फोटो तारखेसह ठेवा. पाच-दहा वर्षांनी तिथे पुन्हा कुणी काम करायला गेलं, तर भिंतीचा तो फोटो त्याच्या कामी येईल.