कापूर सुगंधी, तरी ‘ॲरोमॅटिक’ नव्हे

कार्बनचे अणू एकमेकांना जोडले जाऊन साखळी तयार होते आणि तिचे शेवटचे टोक पहिल्याला येऊन मिळाले, की जी बंदिस्त आकृती बनते तिला रसायनशास्त्रात ‘वलय’ म्हणतात. वलयात केवळ कार्बनचेच अणू असतील तर ते संयुग समवलयी, आणि नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा गंधकाचा अणूही त्यात गुंफलेला असेल तर विषमवलयी ठरते. मिऱ्याला तिखटपणा देणाऱ्या पायपरीनच्या रेणूत पाच कार्बन व एक नायट्रोजन यांचे असे विषम वलय आढळते.

एकाच रेणूत अनेक वलये असली, तर ती कशी जोडली आहेत यावरून त्यांना नाव मिळते. डांबरगोळीतील नॅप्थॅलिनमध्ये दोन षट्कोनी वलयांची एक बाजू सामायिक असते, म्हणून ती संघनित वलये होत. कापराच्या रेणूत मात्र सहा कार्बनांच्या वलयाचे समोरासमोरचे दोन अणू आणखी एका कार्बनने पुलासारखे सांधलेले असतात, म्हणून त्याची रचना सेतुबद्ध म्हटली जाते.

या परिभाषेत सर्वाधिक घोटाळा होतो तो ‘ॲरोमॅटिक’ या शब्दाने. मायकेल फॅराडे यांनी १८२५ मध्ये दिव्याच्या वायूतून उरलेल्या तेलकट द्रवातून बेंझीन वेगळे केले. त्याच्याशी नाते असलेले अनेक पदार्थ सुवासिक असल्याने एकोणिसाव्या शतकात या वर्गाला हे नाव पडले. ऑगस्ट केकुले यांनी १८६५ मध्ये बेंझीनसाठी सहा कार्बनांचे वलय सुचविले, ज्याच्या पुढे रूढ झालेल्या चित्रात एकेरी व दुहेरी बंध आलटून पालटून येतात. परंतु एकेरी बंधाची लांबी सुमारे १.५४ आणि दुहेरी बंधाची १.३४ अँगस्ट्रॉम असताना बेंझीनचे सहाही बंध सुमारे १.३९ अँगस्ट्रॉमचे, म्हणजे सारखेच, भरतात. कारण त्यातील सहा इलेक्ट्रॉन कोणत्याही दोन अणूंमध्ये अडकून न राहता संपूर्ण वलयावर पसरलेले असतात आणि त्यामुळेच रेणूला असाधारण स्थैर्य लाभते. हे स्थैर्य म्हणजेच आजची ‘ॲरोमॅटिकता’.

म्हणूनच या संज्ञेचे ‘सुगंधी’ असे सरळ भाषांतर केल्यास अर्थाचा अनर्थ होतो. उग्र दुर्गंधीचे पिरिडीन ॲरोमॅटिक आहे, तर आरतीच्या तबकात दरवळणारा कापूर तसा नाही, कारण त्याच्या वलयांवर पसरलेले इलेक्ट्रॉन नाहीत. शब्दाने जुना वास जपला असला, तरी त्याचा अर्थ आता नाकाने नव्हे, इलेक्ट्रॉनांच्या मांडणीवरून ठरतो.