भेट हेडफोनची, काळजी कानांची

दिवाळी, भाऊबीज, वाढदिवस, परीक्षेतील यश किंवा सेवानिवृत्ती अशा प्रसंगी आप्तेष्टांना काय द्यावे, हा प्रश्न मध्यमवर्गीय कुटुंबात पूर्वी फार काळ रेंगाळत नसे. मनगटी घड्याळ, शाईचे पेन, कापडचोपड, फार तर स्टीलचे एखादे भांडे यांतच निवड आटोपत असे. अलीकडच्या काळात या यादीत हेडफोनने हक्काचे स्थान मिळवले आहे. वस्तू आटोपशीर, लहानथोर सर्वांना चालणारी, आणि दोन हजार रुपयांच्या आतही तिचे असंख्य प्रकार दुकानात मांडलेले. अडचण येते ती नेमकी इथेच. भेट दिलेले घड्याळ बिघडले तर वेळ चुकते आणि घड्याळजी ते दुरुस्त करून देतो. हेडफोनची निवड चुकली तर त्याची किंमत घेणाऱ्याच्या कानांना मोजावी लागू शकते, आणि तिथे दुरुस्तीची सोय नाही.

कानाला यंत्र लावून ऐकण्याची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेच्या युटा राज्यातील नॅथॅनिएल बाल्डविन यांनी १९१० च्या सुमारास घरच्या स्वयंपाकघरात तयार केलेले हेडफोन तेथील नौदलाने बिनतारी संदेश ऐकण्यासाठी स्वीकारले. १९५८ साली जॉन कॉस यांनी खास संगीत ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन बाजारात आणला. मात्र ही वस्तू दिवाणखान्यातून रस्त्यावर आली ती जुलै १९७९ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या सोनीच्या वॉकमनमुळे. त्या पहिल्या वॉकमनला दोन हेडफोन जोडण्याची सोय होती. चारचौघांत एकट्यानेच ऐकत बसणे असभ्य दिसेल, अशी शंका कंपनीच्या धुरिणांना आली होती. ती शंका काळाने किती निराधार ठरवली, हे मुंबईच्या लोकलच्या डब्यात नुसती नजर फिरवली तरी ध्यानात येते.

ठेव जी पुन्हा भरता येत नाही

माणसाच्या प्रत्येक आंतरकर्णात शंखाच्या आकाराची एक लहानशी पोकळी असते. तिच्यात सुमारे १५ ते १६ हजार सूक्ष्म केशपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचे मेंदूला समजेल अशा संदेशात रूपांतर करण्याचे कार्य या पेशी करतात. अतिरिक्त आवाजाने त्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. बँकेच्या परिभाषेत सांगायचे तर ही अशी ठेव आहे की जिच्यातून रक्कम काढता येते, भरणा मात्र करता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी घालून दिलेली मर्यादा आठवड्याला ४० तास आणि ८० डेसिबल अशी आहे. लहान मुलांसाठी तेवढ्याच तासांना ७५ डेसिबल. डेसिबलचे मोजमाप साध्या बेरजेने चालत नाही. आवाज अवघ्या ३ डेसिबलने वाढला की ध्वनिऊर्जा दुप्पट होते आणि ऐकण्याचा सुरक्षित अवधी निम्म्यावर येतो. म्हणजेच ८३ डेसिबलला आठवड्याचे २० तास, ८६ ला १० तास, आणि ९० डेसिबलला तर जेमतेम ४ तास. चक्रवाढ व्याजाने कर्ज कसे फुगते, हे ज्याने एकदा अनुभवले आहे त्याला हे गणित समजावून सांगावे लागणार नाही. असुरक्षित पद्धतीने ऐकण्यामुळे जगातील १०० कोटींहून अधिक तरुणांची श्रवणशक्ती धोक्यात असल्याचे याच संघटनेने म्हटले आहे.

आवाज मुद्दाम मोठा करून कान बिघडवावेत, असे कोणीच ठरवत नाही. सभोवतालच्या गोंगाटावर मात करण्यासाठी तो कळत-नकळत वाढवला जातो. पंखा, वाहतूक, शेजारच्या खोलीतील दूरदर्शन संच, रेल्वेचा खडखडाट यांच्या वर जाऊन ऐकू यावे म्हणून बोट आपोआप वाढीच्या बटणाकडे जाते. कानावर नीट न बसणारा हेडफोन बाहेरचा गोंगाट आत येऊ देतो, आणि मग आवाज वाढवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. सबब, माफक खर्चातील चांगल्या हेडफोनची पहिली कसोटी ही की तो कमी आवाजात पुरेसे ऐकवतो का. रंग, आकार, नाममुद्रा या बाबी त्यानंतरच्या.

भाऊबीजेच्या ओवाळणीचा हिशेब

उदाहरण म्हणून एक सर्वसामान्य परिस्थिती पाहता येईल. नुकताच नोकरीस लागलेला भाऊ, आणि परगावी वसतिगृहात राहून सनदी लेखापालाच्या परीक्षेची तयारी करणारी बहीण. खोलीत तिघीजणी, डोक्यावर पंखा, खिडकीखाली रस्ता. मोबाइलवरील व्याख्याने रोज पाच ते सहा तास. आठवड्याचा हिशेब केला तर हे ३५ ते ४२ तास होतात. जागतिक आरोग्य संघटनेची ४० तासांची मर्यादा केवळ अभ्यासातच संपली; गाणी आणि घरचे फोन अद्याप बाकीच आहेत. भावाने ओवाळणीत घालण्यासाठी बाजूला काढलेली रक्कम दोन हजार रुपये.

दुकानातील विक्रेता अशा वेळी हमखास जो हेडफोन पुढे करतो, त्याच्या खोक्यावर ‘एक्स्ट्रा बास’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. ठेक्याची धमक ऐकवण्यास तो चांगला. व्याख्यानासाठी मात्र तो गैरसोयीचा, कारण मनुष्यवाणीतील ‘स’, ‘त’, ‘क’, ‘फ’ यांसारख्या व्यंजनांची स्पष्टता वरच्या पट्टीतील ध्वनींवर अवलंबून असते. खर्ज फुगवला की ही व्यंजने झाकोळतात, शब्द अस्पष्ट होतात, आणि पुन्हा बोट आवाज वाढवण्याकडे वळते. या बहिणीला हवा आहे तो समतोल आवाजाचा, कान पूर्ण झाकणारा, मागून बंद असलेला, वजनाने हलका आणि तारेचा हेडफोन. तारेचा अशासाठी की या किमतीत बिनतारी हेडफोन घेतल्यास पैशाचा मोठा हिस्सा बॅटरी आणि ब्लूटूथच्या चिपवर खर्च होतो. तारेच्या हेडफोनमध्ये तोच हिस्सा ध्वनी व गादीच्या दर्जाकडे वळू शकतो.

ती चष्मा लावते का, हेही भावाने आठवून पाहावे. कानाच्या पाळीवर दाबून बसणारे लहान गाद्यांचे हेडफोन चष्म्याची काडी कानशिलावर रुतवतात आणि तासाभरात डोके दुखू लागते. कान पूर्ण आत घेणाऱ्या मोठ्या, मऊ गाद्या त्या मानाने सुसह्य. उन्हाळ्यात त्यांच्याखाली घाम येतो, ही तक्रार खरी आहे. म्हणूनच दोन हजारांतील चौदाशे-पंधराशे रुपये खोलीतल्या हेडफोनला आणि उरलेल्या रकमेतून प्रवासासाठी रबरी टोप्यांचा साधा तारेचा इयरफोन, अशी विभागणी अधिक व्यवहार्य ठरते. एकच वस्तू सर्व कामांना पुरावी, हा हट्ट कमी पैशांत महागात पडतो.

एक बाब खरेदीपूर्वीच तपासावी. बहिणीच्या मोबाइलला ३.५ मिलिमीटरचे गोल छिद्र आहे का? २०१६ साली ॲपलने आपल्या आयफोनमधून ते काढून टाकले आणि पुढे इतर अनेकांनी तोच कित्ता गिरवला. छिद्र नसल्यास टाइप-सी जोडणीचा इयरफोन किंवा त्या मोबाइलला चालणारा ॲडॅप्टर सोबत द्यावा लागेल. भेट गुप्त ठेवायची असेल, तर मोबाइलचे मॉडेल कोणते, एवढी विचारणा खोलीतील मैत्रिणीकडे केली तरी काम भागते.

खोक्यावरील आकडे

खोक्यावरील आकड्यांना ग्राहक उगाच बिचकतो, आणि विक्रेत्याला ते हवेच असते. ‘४० मिलिमीटर ड्रायव्हर’ म्हणजे आवाज निर्माण करणाऱ्या पडद्याचा व्यास; तो मोठा असला की आवाज चांगलाच असतो, असे नाही. ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ ही निरोगी तरुण कानाची ढोबळ मर्यादा असून वयोमानानुसार वरची मर्यादा खाली येत जाते. सबब ४० किलोहर्ट्झची जाहिरात वाचून साठीच्या वडिलांसाठी जादा पैसे मोजण्यात हशील नाही. इम्पिडन्स हा आकडा मात्र जरूर पाहावा. मोबाइलवर वापरण्यासाठी तो १६ ते ३२ ओहमच्या आसपास असलेला सोयीचा. ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओसाठी बनलेले २५० ओहमचे हेडफोन साध्या मोबाइलवर क्षीण वाजतात.

सर्वाधिक फसगत होते ती ‘एएनसी’ आणि ‘ईएनसी’ या दोन आद्याक्षरांच्या साधर्म्यामुळे. एएनसी म्हणजे बाहेरच्या गोंगाटाच्या उलट ध्वनिलहरी निर्माण करून तो ऐकणाऱ्याच्या कानापुरता कमी करणारी यंत्रणा. तिच्याशी एका बंगाली पित्याच्या पुत्राचे नाव जोडलेले आहे. अमेरिकेत जन्मलेले प्राध्यापक अमर बोस यांनी १९७८ साली युरोपहून परतताना विमानातील हेडफोनच्या असमाधानकारक आवाजाने बेचैन होऊन तिथेच या कल्पनेची आकडेमोड केली, आणि १९८९ साली त्यांच्या कंपनीने वैमानिकांसाठी तसा हेडसेट बाजारात आणला. ईएनसी ही निराळी गोष्ट. ती फक्त मायक्रोफोनपुरती असते; तिच्यामुळे फोनवर पलीकडच्या माणसाला आपला आवाज स्वच्छ जातो, आपल्या कानावरील गोंगाट तसूभरही घटत नाही. कमी किमतीच्या अनेक खोक्यांवर ईएनसी मोठ्या अक्षरांत छापलेली असते आणि घेणाऱ्याचा समज एएनसीचा होतो. शिवाय खरी एएनसीसुद्धा पंखा, विमान, रेल्वे अशा एकसुरी घरघरीवर अधिक प्रभावी असते. शेजारच्या गप्पा ती फारशा अडवत नाही. दोन हजारांच्या मर्यादेत नीट बसणारी गादी किंवा योग्य मापाची रबरी टोपी यांवर अधिक भिस्त ठेवणे शहाणपणाचे.

बिनतारी इयरफोनची सोय नाकारण्याचे कारण नाही. सकाळी फिरायला जाणाऱ्या, स्वयंपाक करता करता आकाशवाणी ऐकणाऱ्या व्यक्तीला तार ही अडगळच वाटते. ‘आयपीएक्स ४’ असे लिहिलेले असल्यास कोणत्याही दिशेने उडालेले पाणी आणि घाम ते सहन करतात, नळाखाली धरणे मात्र अभिप्रेत नाही. तथापि इवल्याशा कळीतील लिथियम बॅटरी सहसा बदलता येत नाही आणि दोन-तीन वर्षांच्या नियमित वापरानंतर तिची धारणक्षमता जाणवण्याइतकी घटते, हे देणाऱ्याने ध्यानात घ्यावे. तसेच ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोहोचतो. तानपुऱ्याच्या ॲपवर रियाज करणाऱ्याला त्याने बाधा येत नाही. इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड वाजवून स्वतःचेच सूर ऐकू पाहणाऱ्याला मात्र हा विलंब असह्य होतो. त्याला तारेचाच द्यावा.

ज्येष्ठ व्यक्ती कानात श्रवणयंत्र वापरत असेल, तर कानात घालावयाचा इयरफोन बाद. श्रवणयंत्रासह संपूर्ण कान आत सामावणारा मोठा हेडफोन प्रत्यक्ष लावून पाहिल्याखेरीज घेऊ नये. मुलांच्या हेडफोनवर ‘८५ डेसिबल मर्यादा’ असे लिहिलेले असते. ती मर्यादा नसण्यापेक्षा बरी, पण वर दिलेल्या ७५ च्या आकड्याहून ती १० ने अधिक आहे, याचा पालकांना विसर पडू नये.

मूळ किंमत आणि सवलत

‘छापील किंमत पाच हजार, आज फक्त नऊशे’ अशी पाटी वाचून चार हजार शंभर रुपये वाचले असे मानणे म्हणजे विक्रीशास्त्राच्या सर्वांत जुन्या सापळ्यात पाऊल टाकणे होय. त्या वस्तूची बाजारातील खरी किंमत नऊशेच असण्याचा संभव अधिक. नामांकित कंपनीचा माल पदपथावर पाव किमतीत मिळत असेल तर तो बहुधा बनावट असतो. बिनतारी हेडफोनवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी आवश्यक असून ‘आर’ या रोमन अक्षराने सुरू होणारा क्रमांक वस्तूवर किंवा खोक्यावर छापलेला असतो. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर त्याची खातरजमा विनामूल्य होते.

दोन हजारांच्या वस्तूसाठी बिनव्याजी हप्त्यांचा मोह टाळलेला बरा. शून्य टक्के व्याजाच्या योजनांमागे खरा खर्च दडवला जातो, याकडे भारतीय रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच लक्ष वेधले होते. ‘नो कॉस्ट’ म्हणवणाऱ्या हप्त्यातही व्याज आकारून तेवढी सवलत किमतीत दाखवलेली असते, आणि प्रक्रिया शुल्क वा व्याजावरील वस्तू व सेवा कर ग्राहकाच्या माथी पडू शकतो.

भेट देताना पावतीचे छायाचित्रही द्यावे. हमी वस्तूला असली तरी तक्रारीच्या वेळी पावती मागितली जाते, आणि ती पाकिटात घेऊन देणारा दुसऱ्याच गावी असतो. सेवा केंद्राचा क्रमांक खोक्यावरूनच घ्यावा. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या बनावट क्रमांकांवरून ग्राहकांची खाती रिकामी झाल्याच्या तक्रारी बँकांकडे येत असतात. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. कानात घालावयाचे इयरफोन खोके उघडल्यावर अनेक दुकानदार स्वच्छतेच्या कारणास्तव परत घेत नाहीत, म्हणून परतीची अट खरेदीपूर्वी विचारून घ्यावी.

अशा खोक्यात रबरी टोप्यांच्या बहुधा तीन जोड्या असतात. पुष्कळ जण मधल्या मापाची जोडी, जी मुळात लावलेलीच असते, तीच वर्षानुवर्षे वापरतात आणि बाकीच्या दोन खोक्यासह रद्दीत जातात. तिन्ही एकेक करून लावून पाहाव्यात. जिच्यामुळे बाहेरचा आवाज सर्वांत कमी येतो आणि गाण्यातील खर्ज भरीव ऐकू येतो, ती आपल्या मापाची. दोन कानांना दोन निरनिराळी मापे लागली तरी त्यात वावगे काही नाही.